ज्याचा गू त्याची टाकी

या पानांवर मी गुवाबद्दल लिहिणार आहे. ज्याला शब्द सोसत नसेल त्यानं पान उलटावं. 'मैला' हा नगरपालिकेचा शब्द. 'मलजल' हा इंजिनियरांचा. 'सांडपाणी' म्हटलं की वाससुद्धा निघून जातो. टाकीत उतरलेल्या माणसाच्या नाकातोंडात जातो तो गू. तेव्हा आपण गूच म्हणू.

आणि त्या टाकीला लोक काय म्हणतात? सेप्टिक टँक म्हणायला जीभ वळत नाही, म्हणून गावात, वस्तीत, बिल्डिंगीत सगळीकडं 'सेफ्टी टाकी' म्हणतात. मिस्त्री सेफ्टी म्हणतो, प्लंबर सेफ्टी म्हणतो, बिलावरसुद्धा सेफ्टी लिहितात. माझा सवाल एवढाच : सेफ्टी कोणाची?

२०१९ ते २०२३ या पाच वर्षांत गटारं आणि सेफ्टी टाक्या साफ करताना देशात ३७७ माणसं मेली. हा आकडा सरकारनंच संसदेत दिलेला आहे. महिन्याला सहाच्या वर मुडदे. आपल्या महाराष्ट्रातलं बघा. डिसेंबर २०१९, गोवंडी, खाजगी सोसायटीची टाकी : तीन मेले. मे २०२३, परभणी जिल्ह्यातला सोनपेठ तालुका, शेतातल्या घराची टाकी : पाच मेले. एप्रिल २०२४, विरार, मोठ्या गृहसंकुलाचं सांडपाण्याचं केंद्र : चार मेले. पेपरात हे सगळं 'अपघात' म्हणून छापून येतं. एस.टी. घाटात पलटी झाली तसा अपघात.

माझं म्हणणं असं की हा अपघात नाही. टाकी बांधतानाच हे ठरलेलं असतं. टाकीच्या नकाशावरच एक माणूस काढलेला असतो, फक्त तो दिसत नाही. तो कुठल्या वस्तीतून येणार हेही इंजिनियरला, बिल्डरला, सोसायटीला सगळ्यांना ठाऊक असतं.

हे मला कसं कळलं ते सांगतो.

तीन वर्षं मी गू उपसणाऱ्या टँकरवर मदतनीस होतो. झाकण उघडायचं, जाड पाईप टाकीत सोडायचा, ड्रायव्हर पंप चालू करणार, पाईप हत्तीच्या सोंडेसारखा हालणार, आणि टाकी अर्धी झाली की सुरू व्हायची खरी भानगड. वरचं पातळ निघतं. तळाला बसलेला गाळ निघत नाही. टाकी दोन-तीन वर्षांनी उपसायची असते, सरकारी नियमावल्यांत तसं लिहिलेलं आहे. लोक दहा-दहा, पंधरा-पंधरा वर्षं हात लावत नाहीत. संडासात उलटं यायला लागलं की टँकरला फोन. तोवर तळाचा गाळ चिखलासारखा घट्ट झालेला. पाईप तो ओढत नाही. मग सगळे वरून वाकून बघतात आणि कुणीतरी एकजण म्हणतोच, "अरे, एकाला उतरवा ना आत."

पुण्याकडच्या एका सोसायटीत असंच झालं. सेक्रेटरी साहेब मोठे सज्जन गृहस्थ. आम्हाला चहा पाजला, वेगळ्या कपात का होईना. काम चालू असताना ते आपल्या मुलाचं कौतुक सांगत होते. मुलगा अमेरिकेत. सुट्टीत कॅम्पर घेऊन हिंडतो. कॅम्पर म्हणजे चाकांवरचं घर : झोपायला खाट, चूल, न्हाणी, संडास, सगळं गाडीतच. "आणि तो संडास तो स्वतः रिकामा करतो बरं का," साहेब म्हणाले. "तिकडे कामाची लाज नाही. आपल्याकडे हे कधी येणार?" एवढं बोलले आणि टाकीत डोकावले आणि मला म्हणाले, "काय रे, खाली बराच गाळ राहिलाय. जरा उतरतोस का? वरचे पैसे देतो."

मी म्हणालो, "साहेब, मुलाला बोलवा. त्याला सवय आहे."

दुसऱ्या दिवसापासून कंत्राटदारानं मला कामावर घेतलं नाही. ते जाऊ द्या. पण त्या कॅम्परनं माझं डोकं धरलं. ज्या पोराच्या घरात कुणी टाकीच्या झाकणालाही हात लावला नसेल, तो तिकडं जाऊन स्वतःचा गू कसा उपसतो? समुद्र ओलांडला की बामणाची जात गळून पडते की काय? म्हणून मी सगळी माहिती काढली. मेकॅनिकचं डोकं आहे, गप्प बसवत नाही. काढलेली माहिती तुमच्यापुढं ठेवतो.

त्या गाडीच्या पोटाखाली दोन टाक्या असतात. एकीत संडासाचं जातं, तिला काळी टाकी म्हणतात. दुसरीत मोरीचं आणि न्हाणीचं पाणी, ती राखाडी टाकी. दोन्ही टाक्यांची तोंडं तळाशी असतात, गाडीच्या बाहेरच्या बाजूला. तोंडाला तीन इंची पाईप आणि एक खटक्याची पट्टी. पट्टी ओढली की टाकी उघडते, ढकलली की बंद. मुक्कामाच्या जागी जमिनीत गटाराचं तोंड असतं. माणूस हातमोजे घालतो, लवचिक नळी एका टोकाला गाडीला आणि दुसऱ्या टोकाला गटाराला जोडतो, आणि काळ्या टाकीची पट्टी ओढतो. उतारानं सगळं आपोआप वाहून जातं. मग राखाडी टाकी सोडतो, म्हणजे साबणाच्या पाण्यानं नळी आतून धुऊन निघते. आधी काळी, मग राखाडी. हा क्रम तिकडं ज्याला त्याला पाठ.

आणखी एक गंमत बघा. नळी गटाराला जोडून ठेवलेली असली तरी काळ्या टाकीची पट्टी उघडी ठेवायची नसते. उघडी ठेवली की पाणी निघून जातं आणि घट्ट गू मागं राहून त्याचा ढीग वाळतो. म्हणून टाकी दोन-तृतीयांश भरेपर्यंत पट्टी बंद ठेवायची, संडासात पाणी भरपूर सोडायचं, आणि मग एकदम सोडायचं. किती भरली ते सांगायला आत दिवा असतो. वायू निघायला छपरावर नळी असते. युरोपात तर कित्येक गाड्यांच्या संडासाखाली काढता येणारी पेटी असते. मालक ती स्वतः हातात धरून नेतो आणि ठरलेल्या जागी ओततो. साहेब, मेमसाहेब, पोरंटोरं, सगळे.

आता बघा. गाळ घट्ट होऊ नये, वायू कोंडू नये, टाकी किती भरली ते कळावं, बाहेरून रिकामी व्हावी, माणसाचा हात लागू नये : एवढा सगळा विचार एका गाडीच्या चाळीस गॅलनच्या, म्हणजे दीडशे लिटरच्या टाकीसाठी केलेला आहे. का केला? ती टाकी ज्याला विकायची त्यालाच ती रिकामी करायची आहे म्हणून. ग्राहक आणि भंगी एकच. टाकी अशी बांधली की त्यात उतरावं लागेल, तर गाडी कोण विकत घेईल?

आपल्याकडं ग्राहक वेगळा आणि भंगी वेगळा. इथं सगळं आलं. आपली टाकी बांधणाऱ्याला पुरतं ठाऊक असतं की वापरणारा एक आणि उपसणारा दुसरा. म्हणून तळाला धड उतार नाही. झाकण पार्किंगच्या फरशीखाली गाडलेलं. एकाच कोपऱ्यात एक भोक, आणि ते भोक माणूस मावेल एवढं. पंपाचा पाईप काही एवढा जाड नसतो. मग भोक एवढं मोठं कोणासाठी? इंग्रजांनी त्याला 'मॅनहोल' म्हटलं, माणसाचं भोक. सरकारनं २०२० साली फर्मावलं की यापुढं मॅनहोल म्हणायचं नाही, 'मशीन होल' म्हणायचं. वा! महाराचा हरिजन केला तसंच हे. नाव बदललं, भोक तेच, उतरणाराही तोच.

बाबासाहेबांनी जातिव्यवस्थेबद्दल सांगून ठेवलं आहे की ती नुसती कामाची वाटणी नाही, ती कामकऱ्यांची वाटणी आहे. आपण हे वाचतो, भाषणात म्हणतो. आता ते सिमेंटमध्ये ओतलेलं बघा. प्रत्येक नव्या बिल्डिंगीच्या पायात ते ओतलं जातंय, परवान्यावर सही-शिक्क्यासकट.

आत उतरल्यावर काय होतं ते आपल्या प्रत्येक पोराला पाठ पाहिजे. बंद टाकीत गू कुजतो आणि त्यातून वायू सुटतात. एक सडक्या अंड्यासारखा वासाचा, हायड्रोजन सल्फाइड. तो हवेपेक्षा जड, म्हणून खाली बसून राहतो. थोडा असला तर वास येतो. जास्त झाला की नाकच मरतं, वास येईनासा होतो आणि माणसाला वाटतं वायू गेला. त्याहून वाढला की दोन श्वासांत माणूस कोसळतो. वरून बघितलं तर टाकी शांत असते. पाय घालून गाळ ढवळला की अडकलेला वायू भस्सकन सुटतो. पहिला पडला की दुसरा त्याला काढायला उतरतो, दुसऱ्याला काढायला तिसरा. म्हणून हे मुडदे एकेकटे निघत नाहीत. तीन, चार, पाच असे निघतात. सोनपेठला मेले ते गरीब मुसलमान मजूर होते. भोक एकदा एका जातीच्या मापानं खणलं की पुढं पोटाला भाकर नसलेला कुठलाही माणूस त्यात मावतो.

आता कायद्याकडं वळू.

१९९३ साली अमेरिकेत बंद जागेत उतरण्याचा नियम झाला. उतरण्याआधी हवा मोजा, लेखी परवाना घ्या, बाहेर एक माणूस सतत उभा ठेवा, आतल्याला ओढून काढायची सोय आधी करा. त्याच १९९३ साली आपल्याकडं हातानं मैला उचलण्याविरुद्ध कायदा झाला. तो कोरड्या संडासांपुरता. गटार आणि टाकी त्यात नव्हतीच. वीस वर्षांनी, २०१३ साली, दुसरा कायदा आला आणि लागू झाला तो दिवस ६ डिसेंबर. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणाचा दिवस. बरं वाटलं. पण व्याख्या वाचा. मालकानं संरक्षक साधनं न देता, सुरक्षेचे नियम न पाळता माणसाकडून गटार किंवा टाकी साफ करून घेतली, तर ती 'धोकादायक सफाई'. तिला बंदी. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. म्हणजे बूट, मोजे, मुखवटा दिला की उतरवायची वाट मोकळी! कायद्यानं भोक बुजवलं नाही, भोकात उतरायचा गणवेश ठरवला.

आणि मेल्यावर? सुप्रीम कोर्टानं २७ मार्च २०१४ ला सांगितलं, १९९३ पासून गटारात-टाकीत मेलेल्या प्रत्येकाच्या घरच्यांना दहा लाख द्या. गोवंडीच्या तिघांच्या विधवांना तेवढ्यासाठीसुद्धा मुंबई हायकोर्टाची पायरी चढावी लागली, निकाल लागला सप्टेंबर २०२१ ला. ऑक्टोबर २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टानं रक्कम तीस लाख केली. पैसे मिळालेच पाहिजेत, एक पैसा सोडायचा नाही. पण मुडद्याचा भाव वाढला म्हणून टाळ्या पिटणारे आपले पुढारी पाहिले की माझं टाळकं सरकतं. भाव वाढवून मागायचा की बाजार बंद करायचा?

पुढाऱ्यांचं निघालंच आहे तर हेही ऐका. जुलै २०२१ मध्ये राज्यसभेत मल्लिकार्जुन खर्गे यांनी हातानं मैला साफ करताना मेलेल्यांबद्दल विचारलं. सामाजिक न्याय राज्यमंत्री रामदास आठवले यांनी उत्तर दिलं : हातानं मैला साफ करण्यामुळं कुणी मेल्याची नोंद नाही. युक्ती अशी, की गटारात-टाकीत मेलेले 'धोकादायक सफाई'च्या खात्यात टाकायचे आणि 'हातानं मैला' हे खातं कोरं ठेवायचं. वहीतली रेघ सरकवली की मुडदे गायब! विचारणारा दलित, उत्तर देणारा एके काळचा पँथर. सरकारात जाऊन वाघ कारकून झाला.

२०२३ पासून त्याच खात्यानं 'नमस्ते' नावाची योजना आणली आहे. हात न लावता दुरून करतात तो नमस्ते, तेव्हा नाव अगदी बरोबर ठेवलंय. त्या योजनेखाली गटार-टाकी कामगारांची नोंदणी सुरू झाली आणि २०२४ साली आकडे बाहेर आले. नोंदलेल्या ३८ हजारांपैकी सुमारे ६९ टक्के अनुसूचित जातींचे. ज्यांना अजून वाटतं की जात संपली, त्यांनी हा आकडा टाकीच्या झाकणावर रंगवून घ्यावा.

आता घरातलं बोलतो. राग आला तर येऊ द्या.

आपल्यातही एक रोग आहे. आपण म्हणतो, हे मेहतरांचं, वाल्मिकींचं, रुखींचं काम. आम्ही बौद्ध झालो, आम्ही महारकी कधीच सोडली. जयंतीच्या मिरवणुकीत आपण डीजेसाठी वर्गणी काढतो. टाकीत मेलेल्या मेहतराच्या पोराच्या मयताला आपल्या शाखेचे किती जण जातात? अरे, मुंबईच्या गटारखात्यात, झाडूखात्यात आपले बौद्ध बांधव कमी आहेत काय? लाड-पागे समितीच्या शिफारशीवर बापाच्या जागी पोरगा लागतो, आणि बी.ए. झालेलं पोरगं हातात झाडू धरतं. ते नोकरी घेतं म्हणून मी त्याला दोष देणार नाही. चूल पेटली पाहिजे. पण बापाची जागा वारशानं मिळते ती फक्त झाडूची! कलेक्टरच्या पोराला कलेक्टरी वारशानं द्या म्हटलं तर गुणवत्तेच्या नावानं बोंब ठोकतील. गुवाला मात्र गुणवत्ता लागत नाही, वारसा चालतो.

आणि आपली संघटना काय मागते? हातमोजे द्या. गमबूट द्या. मास्क द्या. दोस्तहो, ही मागणीच शत्रूच्या नकाशातली आहे. मोजे मागितले म्हणजे उतरणं कबूल केलं.

१९२७ ला महाडच्या परिषदेत आपल्या बापजाद्यांना काय सांगितलं गेलं? मेलेल्या ढोराचं मांस खाऊ नका, गावकीची हलकी कामं टाका. त्यांनी गावाकडं मोजे नाही मागितले. गावोगाव मेलेलं ढोर ओढायला नकार दिला. बहिष्कार झाला, मार खाल्ला, पण ढोर ओढलं नाही. मग गावानं काय केलं? बैलगाडी जुंपली, खड्डा खणला, पुरलं. हात काढून घेतले की गावाला अक्कल येते. २०१६ ला गुजरातेत उनाला ढोर सोलणाऱ्या आपल्या पोरांना बांधून मारलं. तेव्हा सुरेंद्रनगरला मेलेली ढोरं कलेक्टर कचेरीपुढं आणून टाकली. तुमची माय, तुम्हीच काढा!

अमेरिकेचं एवढं सांगितलं म्हणून कुणी समजू नये की ती आपली पंढरी. तिथंही घाणीला रंग आहे. मेम्फिस शहरात १ फेब्रुवारी १९६८ ला कचऱ्याच्या गाडीच्या यंत्रात दोन काळे कामगार चिरडून मेले. तेराशे कामगार संपावर गेले. छातीवर पाट्या लावल्या : मी माणूस आहे. त्यांच्या पाठीशी उभं राहायला मार्टिन ल्यूथर किंग गेले आणि ४ एप्रिलला तिथंच त्यांना गोळी घातली. ज्या ब्लॅक पँथरवरून आपल्या पँथरनं १९७२ ला नाव घेतलं, ती याच आगीतली माणसं. कॅम्परवाल्या गोऱ्याचं कौतुक करायचं कारणच नाही. त्याची टाकी तेवढी बघायची. ती टाकी सांगते की गू उपसायला जात लागत नाही. एक उतार, एक पट्टी, एक नळी आणि स्वतःचा हात लागतो. घराची टाकी मोठी असते, तिला पंप लागेल, पाण्याचा फवारा लागेल, एवढाच फरक. केरळातल्या पोरांनी २०१८ साली गटारात उतरणारं यंत्र बनवलं, त्याचं नाव बँडिकूट. अक्कल आहे, पैसा आहे. फक्त आपण स्वस्त पडतो.

म्हणून प्रत्येक शाखेनं आजपासून चार कामं धरावीत.

पहिलं : टाकीत उतरायचं नाही. मोजे घालूनही नाही, दारू पाजली तरी नाही, दुप्पट पैशानंही नाही. आत कुणी पडलेला असला तरी श्वासाचा सिलिंडर लावल्याशिवाय त्याच्यामागं उडी मारायची नाही. १०१ ला फोन करून अग्निशामक बोलवायचं, झाकणं उघडायची, जमेल तेवढी हवा आत सोडायची. मेलेला भाऊ वाचवताना दुसरा भाऊ घालवू नका.

दुसरं : नगरपालिकेला माहितीच्या अधिकारात विचारा. उपसा करणारे टँकर किती? फवारा मारून गाळ फोडणाऱ्या गाड्या किती? कोणत्या टाक्या तीन वर्षांत उपसल्या? उत्तर आलं की ते वस्तीत मोठ्यानं वाचा.

तिसरं : कुणी मेलं तर 'अपघाती मृत्यू' लिहू द्यायचं नाही. २०१३ च्या कायद्याची कलमं ७ आणि ९ लावा. माणूस अनुसूचित जातीचा असेल तर ॲट्रॉसिटीचं कलम ३(१)(जे) आहे. त्यात हातानं मैला काढायला लावणं गुन्हा आहे. आरोपींत नुसता मुकादम नको. सोसायटीचे पदाधिकारी, बिल्डर, कंत्राट देणारा साहेब, सगळे हवेत. आणि तीस लाख वसूल झाल्याशिवाय मोर्चा उठवायचा नाही.

चौथं, आणि सगळ्यांत मोठं : नवी बिल्डिंग उठते तिथं टाकीचा नकाशा मागा. तळाला उतार आहे का? पंपाचा पाईप गाळापर्यंत पोचतो का? टँकर झाकणापाशी येतो का? वायू काढणारी नळी आहे का? नसेल तर परवाना देणाऱ्या कचेरीपुढं बसा. आणि बांधणाऱ्याला, सेक्रेटरीला, सही करणाऱ्या इंजिनियरला त्या झाकणावर उभं करून एकच विचारा : ही रिकामी करायला तुझं पोरगं आत उतरवशील का?

नाही म्हणाला की सांगा, मग तोड, आणि नीट बांध.

जय भीम!